मोठी एसयूव्ही घरच्या घरी लोअर करताना: मोजपट्टीपासून अलाइनमेंटपर्यंत

एसयूव्ही लोअर करायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती इंच खाली घेऊ?" बहुतेकदा याचं उत्तर कुठल्या तरी फोटोवरून ठरतं आणि पुढची सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. किती खाली घ्यायचं हे ठरवतो तुमच्या गाडीचा बम्प स्टॉप. चाक वर उचललं गेल्यावर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून चॅसीजवळ बसवलेला तो रबराचा किंवा फोमचा ठोकळा. कंपनीने चाकाला वर जायला समजा ९० मिमी जागा ठेवली असेल आणि तुम्ही गाडी ५० मिमी खाली घेतलीत, तर उरले ४० मिमी. पाच माणसं आणि सामान चढलं की त्यातलेही बरेचसे संपतात. मग प्रत्येक खड्ड्याला गाडी थेट ठोकळ्यावर बसते आणि दणका तुमच्या कंबरेला. लोक म्हणतात स्प्रिंगा कडक निघाल्या. खरं तर स्प्रिंगांना काम करायला जागाच उरलेली नसते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी मोजपट्टी घ्या.

आधी मोजमाप

गाडी सपाट जागी उभी करा, चारही टायरांत ठरलेली हवा भरा, आतलं जास्तीचं सामान काढा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायरची झीज, हवा आणि जमिनीचा उतार त्या आकड्यात मिसळतात. हबच्या मध्यापासून मोजलं की फक्त सस्पेन्शनची उंची हाती येते. डाव्या-उजव्या बाजूंत ५ ते १० मिमी फरक निघाला तर घाबरायचं कारण नाही, पण तो आत्ताच माहीत असू द्या. नाहीतर काम झाल्यावर नव्या स्प्रिंगांना दोष द्याल.

मग गाडीखाली वाकून बम्प स्टॉपचं टोक आणि ते जिथे टेकणार ती जागा, यांतलं अंतर मोजा. मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तर हा आकडा साधारण तसाच चाकाला लागू होतो. पुढे मात्र बम्प स्टॉप लोअर आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मधोमध कुठेतरी असतो, त्यामुळे तिथले २५ मिमी म्हणजे चाकाकडचे ३५ ते ५० मिमी असू शकतात. काही गाड्यांत पुढचा ठोकळा मुळातच आर्मला जवळजवळ टेकलेला दिसेल. तो फोमचा असतो आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करतो, तेव्हा अंतर शून्य दिसलं म्हणून जागा अजिबात नाही असं समजू नका.

माझं मत सरळ आहे. घरी, साध्या हत्यारांनी, चॅसी न कापता करायचं असेल तर पुढे ४० ते ५० मिमी आणि मागे ५० ते ७५ मिमी इथे थांबावं. त्यापुढे मागच्या ॲक्सलला वर जायला चॅसीत खाच कापून मजबुतीची पट्टी लावावी लागते, पुढे वेगळे आर्म लागतात, आणि ते वेल्डिंगचं काम आहे. घरच्या अंगणात ते करू नये.

मागचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा का? कारण मोठ्या एसयूव्ही कारखान्यातूनच शेपटाकडे उंच येतात, म्हणजे सामान भरलं किंवा ट्रेलर जोडला की सरळ दिसतात. हा उतार कमी केला की गाडी देखणी दिसते. पण पूर्ण काढू नका. रिकामी गाडी काटेकोर सपाट केलीत तर भरल्यावर नाक वर होईल आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील. मागे १० ते १५ मिमी उंची राहू द्या.

तुमच्या गाडीखाली काय आहे ते ओळखा

स्वतंत्र चॅसी असलेल्या मोठ्या एसयूव्हींत मागे बहुतेकदा सलग ॲक्सल असतो. तो चार लांब आर्मनी पुढे-मागे आणि पॅनहार्ड रॉड नावाच्या एका आडव्या दांड्याने डावी-उजवीकडे धरलेला असतो, आणि त्यावर गोल स्प्रिंगा. अलीकडच्या काही मोठ्या गाड्यांत मागेही प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन स्वतंत्र असतं. जुन्या किंवा जड कामाच्या गाड्यांत गोल स्प्रिंगांऐवजी पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात.

पुढे तीन प्रकार दिसतात. एक, टॉर्शन बार: लोअर आर्मपासून मागे चॅसीच्या समांतर जाणारी लांब पोलादी सळई. दोन, लोअर आर्म आणि चॅसी यांच्यामध्ये मोकळी बसलेली गोल स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगळा. तीन, स्प्रिंग आणि शॉक एकाच नगात, म्हणजे स्ट्रट. बाहेरून तिन्ही गाड्या सारख्याच दिसतात, पण खोलताना कुठे ताण साठलेला आहे हे तिन्हींत वेगळं असतं, आणि इजा तिथेच होते.

गाडीला एअर सस्पेन्शन असेल तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी नाही. तिथे उंची संगणक ठरवतो. मागचे शॉक स्वतःच उंची राखणारे, निव्होमॅट प्रकारचे असतील तरी सावध राहा. ते गाडीच्या वजनाचा काही भाग स्वतः पेलतात आणि चालताना गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर आणतात. नुसती स्प्रिंग बदललीत तर शॉक तुमच्याविरुद्ध काम करेल. साधे शॉक आणि त्यांना जुळणाऱ्या स्प्रिंगा अशी जोडीच बदलावी लागते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. सलग ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंग छोटी केल्याने डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गियरांचा, गोळा जमिनीच्या जवळ येत नाही, कारण त्याची उंची टायर ठरवतो. खाली येतात ते पायदान, सायलेन्सर, डिझेलची टाकी, मागचा हूक, बंपर आणि पुढचं क्रॉस मेंबर. रोजच्या वाटेवर कुठे उंच गतिरोधक किंवा तळघराचा उतार असेल तर यांतला कोणता भाग आधी घासेल ते बघून ठेवा. लांब गाडीत बहुधा पोट घासतं.

काय आणायचं, काय नाही

तुमच्याच मॉडेलसाठी, तुमच्याच इंजिनाच्या वजनाला बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंगा आणि त्यांच्याबरोबर कमी लांबीचे शॉक, हा सगळ्यात सरळ मार्ग. त्यात पैसे वाचवायला लोक दोन वाटा काढतात.

पहिली म्हणजे मूळ शॉक तसेच ठेवणं. गाडी ५० मिमी खाली आली की शॉकचा दांडा कायम ५० मिमी आत राहतो. मोठ्या दणक्याला बम्प स्टॉप टेकायच्या आधी शॉक आतून टेकू शकतो, आणि तसं झालं की त्याचे आतले व्हॉल्व्ह आणि वरचा माउंट लवकर जातो. काही गाड्यांत जुना शॉक निभावतो, काहींत नाही. कसं तपासायचं ते मागच्या बाजूच्या कामात सांगतो.

दुसरी वाट म्हणजे स्प्रिंग कापणं. याला लोक सरसकट नावं ठेवतात, तेवढं ते वाईट नाही, पण अटी कडक आहेत. टोक सरळ, मोकळं संपणारी स्प्रिंग कापता येते. टोकाकडे वेढा आवळत गेलेली किंवा सपाट घासलेली स्प्रिंग कापली की ती तिच्या बैठकीच्या वाटीत, म्हणजे कपात, नीट बसत नाही. कापलं की स्प्रिंग कडकही होते, कारण कडकपणा चालू वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो: सातातला एक वेढा गेला तर साधारण १७ टक्के जास्त कडक. कटिंग व्हीलने कापा, गॅस कटरने नाही. आणि स्प्रिंग तापवून खाली बसवण्याचा प्रकार तर कोणी फुकट करून देत असला तरी नको. तापलेल्या जागचं पोलाद आपला कस गमावतं. ती जागा पुढे बसत जाते किंवा तुटते.

काहीही निवडा, एक कसोटी सगळ्यांना लागू: गाडी जॅकवर उचलून चाकं पूर्ण लोंबकळली तरी स्प्रिंग कपात थोडी दाबलेलीच राहिली पाहिजे. हाताने हलवता आली तर ती स्प्रिंग त्या शॉकबरोबर चालणार नाही. खड्ड्यात चाक लोंबकळेल त्या क्षणी ती जागा सोडेल.

फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या (टू व्हील ड्राइव्ह) गाड्यांसाठी पुढे आणखी एक पर्याय मिळतो, ड्रॉप स्पिंडल. स्पिंडल म्हणजे चाकाचा हब धरणारा पोलादी तुकडा. यात हबची जागा त्यावर वर सरकवलेली असते, त्यामुळे आर्मचे कोन आणि बम्प स्टॉपची जागा आहे तशीच राहून गाडी खाली येते. तत्त्व म्हणून हा सगळ्यात चांगला उपाय. फोर बाय फोरमध्ये स्पिंडलच्या आरपार शाफ्ट जात असल्याने बहुतेक गाड्यांना तो मिळत नाही. शिवाय मूळ रिम त्यावर बसते का, हे आधी विचारा.

विकत घ्यायच्या यादीत हेही टाका: नवे बम्प स्टॉप (किंवा कापता येणारे), स्टॅबिलायझर बारच्या (वळणात गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या आडव्या सळईच्या) छोट्या लिंक, नव्या स्प्लिट पिना, आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एकदाच वापरायचे म्हणून दिलेले नट-बोल्ट. ते मॅन्युअल हाताशी हवंच. टॉर्कचे, म्हणजे कुठला बोल्ट किती जोराने कसायचा याचे, आकडे अंदाजाने घेण्याची ही जागा नाही.

गाडी उभी करणं

मोठी एसयूव्ही सहज अडीच टन भरते. लहान गाडीचा जॅक आणि हलक्या घोड्या इथे चालणार नाहीत. तीन टन किंवा जास्त क्षमतेचा ट्रॉली जॅक घ्या, आणि तो पुरेसा उंच जातो ना हेही बघा. क्षमता असून उंची न पुरणं ही नेहमीची अडचण आहे. जॅकखाली विटा रचू नका. जॅक स्टँड जड गाडीचे घ्या आणि ते सिमेंटच्या जमिनीवर ठेवा. डांबरात ऊन असलं की पाय रुततात.

एका वेळी एकच टोक उचला. मागचं उचलताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेक आणि पार्किंग गियर दोन्ही निरुपयोगी होतात हे बऱ्याच जणांना जॅक मारल्यावर आठवतं. फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गियरपेटी) न्यूट्रलला नाही ना, तेही पाहा. जॅक ॲक्सलखाली किंवा कंपनीने सांगितलेल्या जागी लावा आणि स्टँड चॅसीच्या पट्टीखाली, मागच्या चाकांच्या थोडं पुढे. ॲक्सलखाली स्टँड लावलात तर स्प्रिंग काढायला ॲक्सल खाली जाणार कसा? स्टँडवर गाडी टेकवल्यावर खाली जाण्याआधी तिला बाजूने जोरात ढकलून पाहा. डुगडुगली तर पुन्हा उतरवा. काढलेली चाकं चॅसीखाली आडवी सरकवून ठेवा.

आदल्या दिवशीच सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दोन माणसं आणि दोन दिवस मोकळे ठेवा. दुसऱ्या गाडीचीही सोय हवी. संध्याकाळी एक बोल्ट तुटला की दुकान गाठायला तीच लागते.

मागची बाजू

मागून सुरुवात करा. तिथलं काम सोपं आहे आणि हात बसतो.

गाडी जमिनीवर असतानाच डिफरन्शियलच्या फ्लँजचा (प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून ताकद आणणारा लांब दांडा, जिथे जोडला जातो त्या तबकडीचा) कोन डिजिटल कोनमापकाने मोजून लिहा. ओळंबा सोडून मडगार्डची कड टायरपासून किती बाहेर आहे तेही दोन्ही बाजूंना मोजा. हे आकडे शेवटी लागतील.

गाडी स्टँडवर घेतल्यावर चाकं काढा आणि जॅक डिफरन्शियलखाली नेऊन ॲक्सलला नुसता टेका द्या. आता ॲक्सलला बांधलेलं सगळं शोधा: ब्रेकचा होज जिथे कंसाला बांधलाय तो बोल्ट, एबीएसच्या तारेच्या क्लिपा, ॲक्सलच्या श्वासनळीचा पाइप, हँडब्रेकच्या केबलचा आधार. हे सोडवायचं राहिलं तर ॲक्सल खाली जाताना होज ताणला जातो, आणि आतून चिरलेला होज बाहेरून धड दिसतो. मग स्टॅबिलायझरच्या लिंक, पॅनहार्ड रॉडचा ॲक्सलकडचा बोल्ट आणि सगळ्यात शेवटी शॉकचे खालचे बोल्ट सोडा. शॉकच ॲक्सलला लोंबकळताना धरून ठेवतो, म्हणून तो सोडताना जॅकचा टेका पक्का हवा. आर्मचे बोल्ट फक्त सैल करा, काढू नका.

जॅक हळूहळू खाली. एकाने जॅक सांभाळायचा, दुसऱ्याने होज आणि तारांवर नजर ठेवायची. स्प्रिंग मोकळी झाली की हाताने बाहेर येते. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि काय सोडवायचं राहिलं ते शोधा. पहारीने उपटू नका.

आता, नवी स्प्रिंग बसवायच्या आधी, या कामातली सगळ्यात मोलाची तपासणी करा. स्प्रिंगशिवाय नवा बम्प स्टॉप लावा, शॉक खालून जोडा, दोन्ही चाकं तात्पुरती चढवा आणि जॅकने ॲक्सल वर उचला, बम्प स्टॉप टेकेपर्यंत. चॅसी स्टँडवरून उचलली जात नाही ना, इकडे साथीदाराचं लक्ष हवं. ॲक्सल वर असताना शॉकचा दांडा अजून किमान २० मिमी बाहेर दिसला पाहिजे, कारण खऱ्या दणक्याला ठोकळा आणखी दबतो. टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला लागतो का? प्रोपेलर शाफ्ट किंवा सायलेन्सरचा पाइप कशाला टेकतो का? होज कुठे चिमटतो का? स्प्रिंग बसली की हे पुन्हा पाहता येत नाही. शॉक आधी टेकत असेल तर उपाय दोनच, छोटा शॉक किंवा उंच बम्प स्टॉप. बम्प स्टॉप कापून जागा वाढवण्याचा मोह इथेच होतो. उलट दिशेने विचार करा: ठोकळा तेवढाच कापायचा, जेवढ्याने शॉक, टायर आणि लोखंड यांपैकी काहीही त्याच्या आधी टेकणार नाही.

चाकं पुन्हा काढा, शॉक सोडा, ॲक्सल उतरवा. नव्या स्प्रिंगेवर जुन्या रबरी गाद्या चढवा. फाटल्या असतील तर नव्या. स्प्रिंगेचं टोक कपातल्या खाचेला नेमकं टेकलं पाहिजे. कोणती बाजू वर हे बहुधा त्यावर छापलेल्या अक्षरांवरून कळतं, अक्षरं सुलटी वाचता आली पाहिजेत; बरोबर आलेल्या कागदात वेगळं म्हटलं असेल तर तो कागद खरा. ॲक्सल उचला, शॉक, लिंक, पॅनहार्ड, होजचे कंस, क्लिपा सगळं जोडा. रबरी बुशांतून जाणारा एकही बोल्ट आत्ता शेवटपर्यंत कसू नका. त्याचं कारण पुढे येतं.

पाट्यांची गाडी असेल तर थोडक्यात इतकंच: पाटा ॲक्सलच्या वर असेल तर फ्लिप किट लावून ॲक्सल पाट्यावर घेतात आणि गाडी एकदम चार-पाच इंच खाली येते. एवढ्या उतरणीला चॅसीत खाच लागतेच, म्हणून घरच्या कामात मी तो पर्याय धरत नाही. बदललेल्या शॅकल आणि हँगरनी (पाट्याची टोकं चॅसीला धरणाऱ्या भागांनी) मिळेल तेवढं घ्या.

पुढची बाजू

टॉर्शन बारची गाडी असेल तर नशीबवान आहात. सळईच्या मागच्या टोकाला एक की असते आणि तिला दाबणारा एक बोल्ट. त्याचे बाहेर दिसणारे आटे मोजून ठेवा, गाडी पुढून उचलून चाकं लोंबकळू द्या, आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फेरे सैल करा. गाडी उतरवा, काही मीटर पुढे-मागे फिरवा, बोनेट दाबून हलवा, मग हब ते मडगार्ड मोजा. हव्या त्या उंचीवर येईपर्यंत हेच. दोन्ही बाजूंचे फेरे शेवटी वेगळे निघाले तरी हरकत नाही, उंची सारखी हवी. मात्र आर्म पूर्ण लोंबकळला तरी बोल्टावर ताण शिल्लक राहिला पाहिजे; तो गेला तर ती की जागा सोडू शकते. बोल्ट संपला आणि उंची अजून उतरायची असेल तर लोअरिंग की येतात. त्या बदलायला सळईचा ताण उतरवणारं खास पुलर लागतं. सी-क्लॅम्प वापरून हे करताना क्लॅम्प निसटला तर हाताचं हाड मोडतं.

बोल्ट सैल केल्याने बार "नरम" होतो हे ऐकीव खोटं आहे. सळईचा कडकपणा तिच्या जाडी-लांबीवर ठरतो, बोल्टावर नाही. गाडी नंतर कडक वाटली तर ती बम्प स्टॉपजवळ आली एवढंच.

आर्म आणि चॅसीमध्ये मोकळी स्प्रिंग असलेली गाडी सगळ्यात धोक्याची. तिथे दबलेली स्प्रिंग सतत आर्मला खाली ढकलत असते. बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा, चाकाकडचा फिरता सांधा) सोडण्याआधी जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ हवा, आणि स्प्रिंगेतून चॅसीला साखळी बांधलेली हवी. कॅलिपर तारेने वर टांगा, होजला लोंबकळू देऊ नका. एबीएसची तार, टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) आणि स्टॅबिलायझर लिंक सोडा. बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नका, काही आट्यांवर राहू द्या. मग नकलच्या, म्हणजे स्पिंडलच्या, बाजूवर हातोडीचे नेमके ठोके देऊन किंवा पुलरने जॉइंट सोडवा. काट्याच्या पहारीने रबरी बूट फाटतं, म्हणून ती फक्त जॉइंट बदलायचाच असेल तेव्हा. जॉइंट सुटला की नट काढा आणि जॅक इंच-इंच उतरवा. तोंड, हात आणि साथीदार स्प्रिंगेच्या रेषेत नकोत. कॅसल नट परत कसताना स्प्लिट पिनेचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे कसायचा, मागे कधीच नाही.

स्ट्रट असलेल्या गाडीत अख्खा स्ट्रट काढणं तुलनेने निर्धोक आहे. चाक लोंबकळल्यावर स्प्रिंगेचा ताण स्ट्रटच्या आतच कोंडलेला असतो, आर्मवर नसतो. वरचे छोटे नट आणि खालचा जोड सोडला की नग बाहेर येतो. फक्त मधला मोठा नट चॅसीवर असतानाही आणि बाहेर काढल्यावरही हात लावायचा नाही. तोच स्प्रिंगेला धरून असतो. इथून पुढे मी घरी काम थांबवायला सांगेन. मोठ्या एसयूव्हीची पुढची स्प्रिंग इतकी ताकदवान असते की हुकाच्या दोन सळयांचा स्वस्त कॉम्प्रेसर तिच्यावर वाकतो. काढलेले स्ट्रट आणि नव्या स्प्रिंगा घेऊन भिंतीवरचा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजात जा आणि ती अदलाबदल तिथे करून घ्या. किंवा तयार जोडलेलेच छोटे स्ट्रट आणा. लिव्हरच्या हिशेबाने स्ट्रटवर १ इंच कमी केला की चाकाकडे दीड ते दोन इंच उतरतात, हे खरेदी करताना विसरू नका.

बुश कसायची वेळ

आता त्या सैल ठेवलेल्या बोल्टांचं. आर्मचे रबरी बुश फिरणारे बेअरिंग नसतात. बाहेरची नळी आर्मला, आतली नळी बोल्टाने चॅसीला घट्ट, आणि मध्ये चिकटवलेलं रबर. आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट कसलात तर रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. अशी बुश फार लवकर फाटतात, गाडीही ठरल्यापेक्षा काही मिलीमीटर उंच राहते, आणि मग माणूस उंची कमी करायला आणखी स्प्रिंग कापतो.

म्हणून चाकं चढवून गाडी रॅम्पवर किंवा थेट जमिनीवर घ्या, पुढे-मागे फिरवा, बसू द्या आणि मग मॅन्युअलच्या टॉर्कवर सगळे आर्म, पॅनहार्ड आणि शॉकचे खालचे बोल्ट कसा. खाली हात पोहोचत नसेल तर स्टँडवर असतानाच आर्म किंवा ॲक्सलखाली जॅक लावून मडगार्डचं अंतर नव्या उंचीइतकं येईपर्यंत उचला आणि तिथे कसा. कसलेल्या प्रत्येक बोल्टावर मार्करने रेघ ओढा.

ज्या जोडण्या लोक विसरतात

जुन्या बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून चॅसीकडे एक बारीक दांडी जाते आणि ती ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला जोडलेली असते. ॲक्सल वर आला म्हणजे गाडी भरलेली आहे असं समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लोअर केलेली रिकामी गाडी त्याला कायम भरलेलीच वाटते, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होऊ शकतात. दांडीचा कंस उतरणीइतका सरकवून घ्या. एवढं एक काम राहिलं तर गाडी रस्त्यावर आणू नका.

हेडलाइट आपोआप वर-खाली करणारा किंवा इलेक्ट्रॉनिक शॉकचा सेन्सर असेल तर त्याच्याही लिंक योग्य लांबीच्या लागतील. समोरचा कॅमेरा आणि रडार असलेल्या गाडीत उंची बदलल्यावर त्यांचं कॅलिब्रेशन अधिकृत साधनांनीच करून घ्यावं लागतं.

पॅनहार्ड रॉड तिरपा असतो. गाडी खाली आली की तो आडवा होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ढकलतो. ९०० मिमी लांब रॉडच्या दोन टोकांत १०० मिमी उंचीचा फरक असेल आणि तुम्ही ५० मिमी उतरलात, तर ॲक्सल साधारण ४ मिमी सरकतो. आधी घेतलेली ओळंब्याची मापं पुन्हा घ्या. सरकणं एवढंच असेल तर सोडून द्या, जास्त असेल तर लांबी बदलता येणारा रॉड लावा. फ्लँजचा कोनही पुन्हा मोजा. एका अंशाच्या आत बदल असेल तर चालतो; जास्त असेल आणि गती घेताना गाडीच्या पोटातून थरथर येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या सांध्याचा) कोन बिघडलाय असं समजून वरचे आर्म बदलता येण्याजोगे लावा.

रस्त्यावर आणताना

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, हळू. त्याआधी गाडी उभी असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे लागत नाही ना ते पाहा, आणि ब्रेकचा पाय दाबून होजजवळ गळती नाही याची खात्री करा.

पुढची उंची बदलली की टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बदलतोच. अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्याइतपत तो घरी जुळवता येतो: पुढच्या दोन टायरांच्या मध्यरेषांतलं अंतर हबच्या उंचीला समोरून आणि मागून मोजा, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतील असे टाय रॉड फिरवा. मग थेट दुकानात. तिथे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) उणे गेलेला, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला, दिसेल. थोडा उणे चालतो, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एक्सेंट्रिक (फिरवून कोन बदलता येणाऱ्या) बोल्टांनी तो कंपनीच्या मर्यादेत येत नसेल तर वेगळे अपर आर्म लागतील. टायरच्या आतल्या कडा खाण्यात कॅम्बरपेक्षा चुकलेल्या टोचा हात मोठा असतो, म्हणून पैसे कमी असतील तर आधी टो नेमका करून घ्या. कॅस्टरही, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा बाजूने दिसणारा मागचा कल, गाडीच्या कलानुसार बदलतो. मागचं टोक पुढच्यापेक्षा ५० मिमी जास्त उतरवलंत तर सुमारे तीन मीटर व्हीलबेसच्या गाडीत कॅस्टर जवळपास एक अंशाने वाढतो. स्टिअरिंग किंचित जड आणि सरळ वाटेवर जास्त स्थिर वाटतं ते त्यामुळेच.

वळणात गाडी पूर्वीइतकीच झुकते असं वाटलं तर चक्रावू नका. लोअर आर्म आडव्याच्या पलीकडे वर कलले की पुढचा रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, आणि कमी उंचीचा काही फायदा तिथेच खर्च होतो. जाड स्टॅबिलायझर बार हा त्यावर आणखी उतरण्यापेक्षा बरा इलाज आहे.

हेडलाइट भिंतीवर टाकून पुन्हा जुळवा. उंची बदलण्याबाबत तुमच्याकडे काय नियम आहेत आणि विमा कंपनीला कळवावं लागतं का, हे सुटे भाग मागवायच्या आधीच विचारलेलं बरं. चाकांचे नट ८० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि त्याच वेळी मार्करच्या रेघा सरकल्या आहेत का ते पाहा. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात, म्हणून तेवढं चालल्यावर हब ते मडगार्ड चारही मापं पुन्हा घ्या. पहिल्या अलाइनमेंटच्या वेळेपेक्षा पुढची उंची ५ मिमीपेक्षा जास्त उतरली असेल तर टो परत तपासून घ्या.